गोधडीतील चौकोन : शिवण, माप आणि आकारबदल
(कसारा परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

मध्य रेल्वेच्या उपनगरी सेवेचे ईशान्येकडील शेवटचे स्थानक म्हणजे कसारा. १८६५ साली थळ घाटातून इगतपुरीपर्यंतचा लोहमार्ग खुला झाला आणि घाटाच्या पायथ्याचे हे गाव देशभर परिचित झाले. शहापूर तालुक्याचे हे टोक आणि दक्षिणेस माळशेज घाटाच्या पायथ्यापर्यंत पसरलेला मुरबाड तालुका हा ठाणे जिल्ह्यातील डोंगराळ, भातशेतीचा प्रदेश होय. ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी अशा समाजांची येथे वस्ती आहे. पावसाळा मुसळधार, तर हिवाळ्यातील रात्री घाटावरून उतरणाऱ्या गार वाऱ्यामुळे बोचऱ्या असतात. अशा ठिकाणी गोधडी ही हौसेची वस्तू नसून संसारातील गरजेची वस्तू आहे. दिवाळीनंतर कामासाठी वीटभट्ट्यांवर जाणाऱ्या कातकरी कुटुंबाच्या गाठोड्यात भांड्यांबरोबर गोधडी असतेच; भट्टीवरील झोपडीत तीच अंथरूण, तीच पांघरूण आणि प्रसंगी तीच दाराचा आडोसाही होते.

मराठीत गोधडीविषयी जे लिहिले जाते ते बहुतांशी स्मरणरंजनाच्या अंगाने. आईच्या लुगड्याची ऊब, आजीच्या हाताचा स्पर्श या भावना खऱ्या आहेत; तथापि त्यांच्या छायेत गोधडीच्या घडणीमागील मोजमापाची बुद्धी झाकली जाते. तुकड्यांना तुकडे जोडून केलेला चौकोन हवा तेवढा मोठा किंवा लहान कसा करावा, हा प्रश्न गोधडी शिवणारी स्त्री कागद-पेन्सिलीवाचून सोडवीत असते. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे विवेचन केले असून, चौकोनाचा आकार बदलला की श्रमाचे प्रमाणही कसे बदलते, याकडे विशेष लक्ष वेधले आहे. बचत गटांमार्फत गोधडी शहरी बाजारात जाऊ लागल्यापासून हा हिशेब केवळ घरगुती राहिलेला नाही.

गोधडीची घडण

गोधडीला वाकळ असेही म्हणतात. लहान मुलासाठी केलेल्या छोट्या, मऊ गोधडीला दुपटे हा शब्द रूढ आहे. संस्कृतातील कंथा, बंगालमधील कांथा, बिहारमधील सुजनी, कर्नाटकातील कौदी ही याच कुळातील वस्त्रे. नाथपंथी योग्याच्या वेशात कंथेला स्थान होते. आणि चिंध्यांचे वस्त्र अंगावर वागविणाऱ्या गाडगे महाराजांना (१८७६-१९५६) लोक ‘गोधडे महाराज’ म्हणत. जुनेर टाकून न देता त्यातून नवे वस्त्र घडविण्याची ही रीत भारतभर आहे. मात्र प्रत्येक ठिकाणी तिचे माप तेथील नेसणीवरून ठरले.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर गोधडीचे माप लुगड्याने ठरविले, असे म्हणण्यास आधार आहे. नऊवारी लुगड्याची लांबी सुमारे ३२४ इंच व पन्हा सुमारे ४५ इंच असतो. त्याचे लांबीत चार समान भाग केले तर प्रत्येक भाग ८१ इंच लांब होतो. असे दोन भाग काठाला काठ लावून जोडले की ८१ इंच बाय ९० इंचांचा एक थर मिळतो. उरलेल्या दोन भागांतून तेवढाच दुसरा थर. म्हणजे एका लुगड्यातून गोधडीची वरची बाजू व अस्तर ही दोन्ही निघतात, आणि कापडाचा एक बोटभरही तुकडा वाया जात नाही. मध्ये धोतर, जुनी फडकी, विरलेल्या चादरी यांची भर घातली की गोधडी उभी राहते. पाचवारी साडीने हे गणित मोडले. साधारण २१६ इंचांच्या साडीचे चार भाग केल्यास प्रत्येकी ५४ इंचच येतात. दोन भाग केल्यास १०८ इंच लांबीचा एकच थर हाती लागतो. एका साडीत गोधडी बसत नाही, म्हणून दोन-तीन साड्यांचे तुकडे एकत्र करणे भाग पडते. गोधडीच्या दर्शनी बाजूवर तुकड्यांचे जोडकाम वाढण्यास हेही एक कारण झाले असावे. त्यातच १९७० नंतरच्या दशकांत ग्रामीण भागात कृत्रिम धाग्याच्या साड्या आल्या. त्या टिकाऊ खऱ्या, परंतु सुईखाली घसरतात, त्यांची दुमड नखाने दाबून बसत नाही आणि घाम शोषला जात नाही. मऊ सुती जुनेर मिळणे हीच आज गोधडीपुढील पहिली अडचण आहे.

थर एकावर एक अंथरून, सुरकुत्या काढून, आधी लांब कच्चे टाके घालतात. नंतर धावदोऱ्याने शिवण सुरू होते. ती एका कडेने चौफेर फिरत, चौकटीच्या आत चौकट अशी मध्याकडे सरकते. या रीतीत एक शहाणपण आहे : वरच्या व खालच्या थरांतील ताण प्रत्येक फेरीत थोडा थोडा समान होत जातो. अर्थात मध्यभागी फुगा येऊ नये यासाठी हाताने कापड सतत पसरीत राहावे लागते, आणि हे कसब पाहूनच शिकता येते.

माया

दर्शनी बाजूस तुकडे लावण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत पूर्ण थराच्या कापडावर तुकडे ठिगळाप्रमाणे मांडले जातात. एका तुकड्याची कड आत दुमडून ती शेजारच्या तुकड्यावर चढवितात व वरून टाके घालतात. दुसऱ्या रीतीत तुकडे परस्परांना कडेशी जोडून आधी एक चौकोन तयार करतात आणि असे अनेक चौकोन एकत्र जोडून थर सिद्ध होतो. पायमशीन आल्यापासून ही दुसरी रीत वाढली आहे. या लेखात ‘तुकडा’ म्हणजे एकेक कापड आणि ‘चौकोन’ म्हणजे तुकडे जोडून झालेला घटक, असा अर्थ घेतला आहे.

शिवणीसाठी कडेला जे जादा कापड सोडतात त्यास शिंपीकामात ‘माया’ म्हणतात. शब्द सुंदर आहे, आणि अर्थवाहीही. कारण ही माया शिवणीनंतर दिसत नाही, पण तिच्यावाचून काही टिकत नाही. तुकड्यांच्या कामात साधारणतः प्रत्येक कडेला पाव इंच माया सोडतात. म्हणजे दोन तुकडे जोडताना दोहोंचे मिळून अर्धा इंच कापड शिवणीत जाते. आकारबदलातील बहुतेक चुकांचे मूळ येथेच आहे, म्हणून एक उदाहरण सविस्तर पाहणे इष्ट ठरेल.

नऊ तुकड्यांचा (तीन ओळी, प्रत्येकीत तीन) ६ इंचांचा चौकोन घ्या. शिवून झाल्यावर प्रत्येक तुकडा २ इंच दिसतो. कापताना तो अडीच इंच घ्यावा लागतो. आता हाच चौकोन ९ इंचांचा करावयाचा आहे. ६ चे ९ म्हणजे दीडपट, म्हणून कापण्याचे माप दीडपट करावे असे सहज वाटते. अडीचची दीडपट पावणेचार. पावणेचार इंचांचा तुकडा शिवल्यावर सव्वातीन इंच उरतो, आणि तीन तुकड्यांचा चौकोन पावणेदहा इंच भरतो. एका चौकोनात पाऊण इंच जास्त. दहा चौकोनांच्या ओळीत साडेसात इंच. मग कड जुळत नाही, कोपरे सरकतात आणि शेवटचा चौकोन कापून टाकावा लागतो. बरोबर रीत अशी की आधी माया वजा करावी, उरलेले माप दीडपट करावे आणि मग माया पुन्हा मिळवावी : अडीचमधून अर्धा जाऊन दोन, दोनाचे तीन, तिनात अर्धा मिळवून साडेतीन. चौकोन कितीही वाढो, माया तेवढीच राहते. गणिताच्या प्राध्यापकांना यातील स्थिर पद ओळखू येईलच. शाळेत बीजगणिताच्या नावाने घाबरणारी मुलगी घरी हे पद रोज हाताळीत असते, हे मात्र सहसा कोणी तिच्या लक्षात आणून देत नाही.

आकार वाढविणे

वरील हिशेब न कापलेल्या कापडाचा झाला. प्रत्यक्षात गोधडीवालीपुढे बहुधा तयार चौकोन असतो. कोणाच्या तरी जुन्या, फाटलेल्या गोधडीतून सोडविलेला, किंवा दुसऱ्या मापासाठी शिवून उरलेला. तो उसवून पुन्हा कापणे म्हणजे दुप्पट श्रम. अशा वेळी चौकोनाभोवती पट्ट्या लावणे ही सर्वांत सोपी रीत होय. ६ इंचांचा चौकोन ९ इंच करण्यासाठी चारही बाजूंनी दीड इंच रुंदी वाढवावी लागते, म्हणून २ इंच रुंदीच्या पट्ट्या कापतात. पहिल्या दोन पट्ट्या साडेसहा इंच लांब. त्या समोरासमोरच्या बाजूंना जोडल्यावर उरलेल्या दोन बाजूंसाठी साडेनऊ इंचांच्या. हा क्रम ध्यानात ठेवला की कोपऱ्यात तिरका काप घ्यावा लागत नाही. पट्टी लांब घेऊन शिवताना ओढून बसविण्याचा मोह टाळला पाहिजे. ओढलेली पट्टी धुतल्यावर आकसते आणि चौकोन वाटीसारखा खोलगट होतो.

दुसरी रीत तिरकस. चौकोनाच्या चारही बाजूंना एकेक त्रिकोण जोडला की मूळ चौकोन आत शंकरपाळ्यासारखा उभा राहतो आणि बाहेर नवा चौकोन तयार होतो. या नव्या चौकोनाचे क्षेत्रफळ मूळच्या बरोबर दुप्पट असते. दिलेल्या चौरसाच्या कर्णावर काढलेला चौरस दुप्पट क्षेत्रफळाचा असतो, हा नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात यज्ञवेदीच्या संदर्भात आलेला आहे आणि कर्णासाठी त्याने दिलेले आसन्नमान दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत बरोबर येते. येथे ६ इंचांची बाजू सुमारे साडेआठ इंच होते. त्रिकोणांसाठी साधारण सव्वापाच इंचांचे दोन चौकोनी तुकडे घेऊन कोपऱ्यातून कोपऱ्यात कापले की चार त्रिकोण मिळतात. किंचित जास्त आलेली कड शेवटी छाटून घेता येते. या पद्धतीत त्रिकोणाची लांब बाजू उरेब येते, म्हणजे धाग्याच्या तिरप्या दिशेने कापलेली असते व सहज ताणली जाते. ती बाजू आतील चौकोनाला शिवली जाते म्हणून बंदिस्त होते, आणि बाहेरची कड सरळ धाग्याची राहते. त्रिकोण उलटे लावले तर सगळी उरेब कड बाहेर येऊन गोधडी लाटांसारखी वळते. तरबेज स्त्रिया कापड दोन्ही हातांनी ओढून पाहतात आणि मगच कात्री लावतात.

आकार लहान करणे

लहान करणे अधिक कठीण. ९ इंचांचा नऊ तुकड्यांचा चौकोन चोहोबाजूंनी छाटून ८ इंच केला तर कडेचे तुकडे अडीच इंचांचे होतात आणि मधला तीन इंचांचाच राहतो. कोपऱ्यातील नक्षी तर कापलीच जाते. त्यापेक्षा चौकोनाचे मधोमध उभे-आडवे काप घेऊन चार भाग करणे, ते फिरवून पुन्हा जोडणे ही युक्ती सोयीची. ९ इंचांचा चौकोन कडेच्या मायेसह साडेनऊ इंच असतो. त्याचे पावणेपाच इंचांचे चार भाग होतात, आणि परत जोडल्यावर चौकोन साडेआठ इंचांवर येतो. दर कापामागे अर्धा इंच जातो, नक्षी मात्र नव्याच तऱ्हेने मांडली जाते.

ठिगळाच्या जुन्या रीतीत हा प्रश्न उद्भवतच नाही. कड थोडी अधिक आत दुमडली की तुकडा लहान झाला, कमी दुमडली की मोठा. त्या रीतीत शेजारचा तुकडा पहिल्याची चूक झाकून घेतो. घरची गोधडी त्या अर्थाने मापाला कधी चुकत नाही. दुपट्यात वाढलेले मूल पुरेनासे झाले की त्याच दुपट्याला पट्ट्या लागतात, पुढे ते जीर्ण झाले की नव्या गोधडीच्या थरांत भर म्हणून जाते.

वीत आणि इंच

घरच्या शिवणकामात माप हाताचे असते. १२ अंगुळे म्हणजे एक वीत, दोन विती म्हणजे एक हात, अशी जुनी परिमाणे होत. वीत ढोबळमानाने ९ इंच भरते, म्हणून वीतभर चौकोन दहा लावले की ९० इंचांची लांबी आपोआप येते. एकट्या बाईने एक गोधडी शिवली तर ही पद्धत निर्दोष आहे, कारण मापणारा हात एकच असतो. दहा जणींनी मिळून काम वाटून घेतले की अडचण सुरू होते. दोघींच्या वितीत अर्ध्या इंचाचा फरक असला तरी दहा चौकोनांच्या ओळीत तो ५ इंच होतो. यावर उपाय पुठ्ठ्याच्या साच्याचा. मायेसह एक आणि मायेविना एक असे दोन साचे गटात ठेवले, पहिल्याने कापले व दुसऱ्याने तपासले, तर चौकोन सारखे येतात. साचा वापरून वापरून झिजतो व दर खेपेस केसभर लहान होतो, म्हणून मूळ साचा वेगळा जपून ठेवणे आवश्यक ठरते. नवे कापड मिसळावयाचे असल्यास ते आधी धुऊन वाळविले पाहिजे. जुने सुती कापड आकसून झालेले असते, नवे व्हावयाचे असते.

मोबदल्याचा हिशेब

महिला आर्थिक विकास महामंडळाची स्थापना १९७५ साली झाली; महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, म्हणजेच ‘उमेद’, २०११ पासून कार्यरत आहे. अशा यंत्रणांमुळे ग्रामीण स्त्रियांच्या गटांना प्रदर्शने व शहरी ग्राहक उपलब्ध झाले. कसाऱ्याहून लोकलने मुंबई अडीच-तीन तासांवर आहे. शहरी ग्राहक मात्र पलंगाच्या मापाने विचारतो : एकेरीसाठी ६० बाय ९० इंच, दुहेरीसाठी ९० बाय १०८ इंच. लुगड्यातून येणारे ८१ बाय ९० हे माप यांपैकी कशातच बसत नाही. म्हणून चौकोनांचा हिशेब अपरिहार्य होतो, आणि भाव पलंगाच्या मापावर ठरत असल्याने चौकोनातील श्रम अदृश्य राहतात.

एकेरी गोधडीचेच पाहू. नऊ तुकड्यांचे ६ इंची चौकोन वापरल्यास रुंदीत १० व लांबीत १५, असे १५० चौकोन व १,३५० तुकडे लागतात. ९ इंची चौकोन ६० इंचांत पूर्णांकाने बसत नाहीत. पण ६ चौकोनांची रुंदी ५४ इंच होते, आणि दोन्ही लांब बाजूंना ३ इंचांची पट्टी लावली की ६० इंच पुरे होतात. या मांडणीत ६० चौकोन व केवळ ५४० तुकडे. जोडशिवणीची एकूण लांबी पहिल्या प्रकारात सुमारे १३३ मीटर, दुसऱ्यात सुमारे ८३ मीटर. दोन्ही गोधड्या पलंगावर सारख्याच मापाच्या. एकीत तुकड्यांची कापणी, जुळणी आणि दाबणी अडीचपट. किंमत मापावर ठरली तर बारीक काम करणारी स्त्री तोट्यात जाते, आणि कालांतराने बारीक काम होईनासे होते.

वरील आकड्यांत धावदोरा आलेला नाही. तो चौकोनावर अवलंबून नसतो. दोन ओळींतील अंतरावर असतो. एकेरी गोधडीत ओळी अर्ध्या इंचावर घेतल्यास टाक्यांची वाट सुमारे २७४ मीटर भरते. इंचात चार टाके धरले तर ४३,२०० टाके. दुहेरी गोधडीचे क्षेत्रफळ एकेरीच्या १.८ पट आहे, म्हणून तिची वाट ४९० मीटरांच्या पुढे जाते. रुंदी दीडपट झाली म्हणून भाव दीडपट, असा ठोकताळा जो सर्रास बांधला जातो, तो लांबीतील वाढ विसरतो.

ठरावीक मापांची ही सक्ती केवळ आपल्याकडची नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात १९६६ साली कृष्णवर्णीय स्त्रियांनी ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था स्थापन केली. न्यू यॉर्कमधील मोठ्या दुकानांसाठी माल करताना त्यांना मापे व रंगसंगती ठरलेल्या ठेवाव्या लागल्या. त्याच परिसरातील जीज बेंड येथील स्त्रियांनी घरच्या वापरासाठी, हाताशी येईल त्या कापडातून शिवलेल्या गोधड्या मात्र २००२ साली ह्यूस्टनच्या ललितकला संग्रहालयात कलाकृती म्हणून मांडल्या गेल्या. बाजाराने जे कौशल्य दुय्यम ठरविले, त्याचेच संग्रहालयाने कौतुक केले. दरम्यानच्या काळातील मजुरीचा प्रश्न कौतुकाने सुटला नाही.

कसारा, शहापूर, मुरबाड भागातील महाविद्यालयांना येथे करण्यासारखे काम आहे. मागणीपत्रात केवळ लांबी-रुंदी न लिहिता चौकोनाचे माप, तुकड्यांची संख्या आणि धावदोऱ्याच्या ओळींतील अंतर या गोष्टी नोंदविण्याची पद्धत गृहविज्ञान, गणित व वाणिज्य विभाग मिळून गटांना घालून देऊ शकतात. यांतील शेवटची नोंद सर्वांत आधी गाळली जाते, कारण खर्च कमी करण्याचा तोच सोपा मार्ग : ओळी दूर घेतल्या की गोधडी लवकर उरकते आणि दुकानात तशीच दिसते. वीतभर अंतरावर टाके असलेल्या गोधडीची भर मात्र पहिल्या-दुसऱ्या धुण्यातच सरकून एका कोपऱ्यात गोळा होते.